बशी वाजते तोवर

वडिलांच्या वहीत ‘पुडीन’ असं लिहिलंय.
लग्नाच्या वर्षी मी ते पहिल्यांदा वाचलं
आणि सदर बाजारातून पुदिन्याची जुडी घेऊन आले.
ते हसले नाहीत. म्हणाले, चटणी कर.

शांतवन लोंढे, मिशन बंगल्यावरचे खानसामा.
अक्षर मोठं, ओळ सोडून उतरणारं:
‘मैदा एक पेला. बाईंचा पेला, आपला नव्हे.’
‘चरबी बैलाची, गुर्द्याजवळची, पांढरी, किसून.’
त्यावर काट. खाली वेगळ्या शाईत:
‘लोणी चालेल. बाई गेल्या.’

आज अकराव्या दिवशी नळ आलाय.
टाकी भरली, पिंप भरलं, घागरी, बादल्या,
मुलाच्या जुन्या क्रिकेटच्या हेल्मेटखेरीज सगळं भरलं.
आजच जमेल हे,
दोन तास पाणी नुसतं वाफ करून उडवणं.
जालन्यात ही चैन आहे,
कुणाला सांगू नये अशी.

शेजारच्या चित्राबाईंचं मोदकपात्र मागायला गेले.
‘अंडं हाय का गं त्यात?’
आहे म्हटलं.
त्यांनी मोदकपात्र पदराखाली घेतलं, लेकरासारखं.
मग माळ्यावरून स्टरलायझर काढला,
दवाखान्याच्या लिलावात साठ रुपयांना घेतलेला.
बत्तीस वर्षं त्यात सुया उकळल्या मी, चिमटे, कात्र्या.
घासला. पुन्हा घासला.
वास कशाचाच येत नव्हता,
तरी एकदा घासला.

वाटग्याला लोणी लावून
तळाशी अंबडकडची काकवी ओतली, बोटभर.
जे आता तळाला आहे
तेच उलटल्यावर माथ्यावर येणार.
वर लोणी-साखर फेटून, दोन अंडी, मैदा,
सोडा चिमूटभर, सुंठ माझ्या मनानं.
लाकडी चमच्यावरून पीठ
थबकत, विचार करत पडायला हवं.

‘कागदाला मधोमध निरी घाल,
फुगायला जागा ठेव.’
निरी मला शिकवायला नको.
पांढऱ्या साडीच्या निऱ्या
पहाटे पाचला अंधारात घातल्यात मी.
वर गॉज, आणि बँडेजची चपटी गाठ,
जी पेशंटला टोचत नाही.

आता वहीतली शेवटची ओळ:
‘भांड्यात खाली बशी उपडी ठेव.
बशी वाजते तोवर पाणी आहे.’

वाजू लागली.
आधी अडखळत, मग एकसारखी,
शेजारच्या खोलीत कुणी दातांनी थंडी मोजावी तशी.
मी खुर्चीत बसले, पाय स्टुलावर.
चित्राबाई खिडकीतून, ‘काय शिजवायलीस इतका वेळ?
बोकड हाय का काय?’
पुडीन, म्हटलं. त्यांनी पुदिना ऐकला
आणि गप्प बसल्या.

डोळा लागला.
आणि जाग आली
ती आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं.

वॉर्डातली जुनी खोड.
कण्हणाऱ्यानं मला कधी उठवलं नाही,
उठवलं ते थांबलेल्यानं.
वडिलांच्या रात्रीही असंच.
खोकला थांबला, मी उठले,
आणि हातात घेऊन जायला
काही नव्हतं.

आज होतं. शेगडीवर आधण ठेवलेलंच होतं.
कडेकडेनं ओतलं, कागदावर थेंब न उडू देता.
बशीनं एक क्षण रुसून घेतलं,
मग पुन्हा सुरू.

गाठ सोडली तेव्हा निरी उलगडून सपाट झालेली,
आत सगळी जागा भरलेली.
ताटलीत उलटलं. एका बाजूला चिकटलं, फाटलं.
काकवीनं ते झाकलं बऱ्यापैकी.

चित्राबाई दारात आल्या,
हात मागे, वासाकडे बघत.
‘मी खात नाही बरं का,’ म्हणाल्या.
‘नुसतं सांग, कसं लागतं?’
गरम घास तोंडात, मला बोलता येईना.
जड, म्हटलं शेवटी.
गोड आणि जड.

स्टरलायझरमधलं उरलेलं पाणी
निवल्यावर कढीपत्त्याला घातलं.
तांब्याभर होतं. मोजलं.